बंदुकीचा दस्ता नव्याने चकचकीत करताना

गोव्यातल्या सत्तरी-सांगे भागात बागायतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आहेत. तिचा लाकडी दस्ता काळवंडला असेल तर हे काम पावसाळ्यात काढू नका; इथल्या दमट हवेत दस्त्याला लावलेलं तेल आठवडाभर चिकट राहतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, मग दस्ता सोडवा. जुनं व्हार्निश रिमूव्हरने काढा. पोचे आलेले असतील तर घासू नका. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. नंतर २२० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. लोखंड बसतं त्या कडांना मात्र हात लावू नका, फट पडली की ती कायमची.

बॉइल्ड लिनसीड ऑइल (लवकर सुकणारं, प्रक्रिया केलेलं जवसाचं तेल) बोटांनी अगदी पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, पूर्ण सुकल्यावरच पुढचा हात. कच्चं जवसाचं तेल घेऊ नका, ते लवकर सुकतच नाही.

आणि तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवा.