भरती अठराव्या वर्षी, पेन्शन चाळिशीत: मधल्या काळातल्या या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी असो की कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी, पोरगं सतरा-अठराचं झालं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं. शिपाई म्हणून गेलेला जवान चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला, आणि त्याच्यामागं त्याच्या पत्नीला, त्याच पेन्शनवर काढायची असतात. ती मिळण्यात अडचण येणार की नाही, हे बऱ्याचदा पंचविशीच्या आतल्या कागदांवर ठरतं. त्या वयात त्या कागदांकडं फारसं कुणी बघत नाही.

पहिली चूक भरतीआधीच होते. काका-मामा पेन्शनवर आहेत, म्हणजे पोरालाही तशीच पेन्शन बसणार, असं घरात धरून चालतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि आता बहुतेक मुलं अग्निवीर म्हणून भरती होतात. सेवा चार वर्षांची. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या वैद्यकीय उपचार योजनेचं) कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. योजनेनुसार २५ टक्क्यांपर्यंत मुलांना नियमित सेवेत घेतलं जातं आणि त्यांना पुढं किमान १५ वर्षं काढायची असतात. बाकीच्यांच्या हातात सेवानिधी (पगारातून कापलेले पैसे आणि सरकारचा हिस्सा) पडतो, योजना जाहीर झाली तेव्हाच्या हिशोबानं व्याजासह सुमारे ११.७१ लाख. पहिल्या वर्षी महिन्याचं पॅकेज ३०,००० चं असलं तरी त्यातले ३० टक्के या निधीत जातात, हाती येतात २१,००० आणि लागू असतील ते भत्ते. या ११.७१ लाखांवर डोळा ठेवून बंगल्याचं काम किंवा बहिणीचं लग्न कर्जानं उरकू नका. बाविशी-तेविशीतल्या मुलाला नव्यानं उभं राहायला तेवढंच भांडवल असतं. अपवादात्मक कारणावरून मुदतीआधी सुटका मिळाली तर स्वतःचा हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही.

नियमित सेवेत असलेल्या जवानाला सेवा पेन्शनसाठी १५ वर्षं पूर्ण करावी लागतात, अधिकाऱ्याला २०. तेराव्या-चौदाव्या वर्षी घरी आई आजारी, शेत पडीक, भावकीचा वाद, अशा वेळी डिस्चार्जचा अर्ज करणारे जवान असतात. तो अर्ज करण्याआधी रजा मागा, कम्पॅशनेट पोस्टिंग (घरच्या अडचणीमुळं मिळणारी बदली) मागा, कंपनी कमांडरशी मोकळेपणानं बोला. १५ वर्षांआधी स्वतःहून सुटलात तर ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम मिळेल, आयुष्यभराची पेन्शन जाईल. १५ पूर्ण झाल्यावरही स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सुटणाऱ्याला २०१५ च्या आदेशानुसार वन रँक वन पेन्शनचा (एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच सेवेला सारखी पेन्शन) लाभ नाही.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट, नावं. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतं. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पलटणीच्या क्लार्कनं ऐकून इंग्रजीत लिहिलेलं तिसरंच. जवान हयात असेपर्यंत हे कुणाला खुपत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शनसाठी पत्नी कागद पुढं करते आणि पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) नाव जुळत नाही. ज्या बाईनं वीस वर्षं एकटीनं घर सांभाळलं, तिला त्या दुःखात ‘मीच ती’ हे सिद्ध करत फिरावं लागतं. हे पूर्ण टाळता येतं. लग्नाची नोंदणी करा. पार्ट टू ऑर्डरमध्ये (पलटणीच्या अधिकृत नोंदीच्या आदेशात) लग्न आणि प्रत्येक मुलाचा जन्म चढला का, ते स्वतः डोळ्यांनी बघा. स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. सुट्टीवर आलात की पत्नीला डिस्चार्ज बुक, पीपीओ, बँकेचं पासबुक कुठं ठेवता ते दाखवा. आधीच पेन्शनवर असाल आणि चूक आढळली, तर प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र आणि आधार जोडून आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी बेळगावला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे अर्ज लिहायला मदत मिळते.

दुखापत लपवू नका. गुडघा, कंबर, कान दुखतोय आणि बढती अडेल म्हणून जवान एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) जात नाही. अपंगत्व पेन्शनसाठी ते अपंगत्व सेवेमुळं आलं किंवा वाढलं हे मान्य व्हावं लागतं, आणि साधारणपणे ते किमान २० टक्के भरावं लागतं. त्या दिवसाची नोंदच नसेल तर मेडिकल बोर्डापुढं बोलायला काही उरत नाही. इंज्युरी रिपोर्टची प्रत घरी ठेवा.

हिशोबाचीही एक चूक आहे. पेन्शन म्हणजे निम्मा पगार, असं सगळे म्हणतात. पण हा ‘निम्मा पगार’ म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मे नव्हे. मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे यांसारख्या ठरावीक रकमांच्या निम्मी मूळ पेन्शन असते, वर महागाईभत्ता. कम्युटेशनमध्ये, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेण्यात, त्यातली ५० टक्क्यांपर्यंत विकता येते. चाळिशीत महिना ८,००० विकले तर सुमारे पावणेनऊ लाख मिळतात, आणि पेन्शनमधली ही कपात १५ वर्षं चालते, म्हणजे १४ लाख ४० हजार. महागाईभत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. मुलांच्या शिक्षणाला किंवा जुनं महागडं कर्ज फेडायला रक्कम लागत असेल तर जरूर घ्या. चारचाकीसाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेन्शन अचानक थांबली तर आधी स्पर्श पोर्टलवर (संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या संकेतस्थळावर) हयातीच्या दाखल्याची तारीख बघा. तो दरवर्षी द्यावा लागतो, जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवरून घरबसल्याही देता येतो. ‘पेन्शन बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या आणि आई-वडिलांनाही हे सांगून ठेवा.