डांबरी रस्त्याच्या भेगा तपासायला निघताना थर्मामीटर सोबत घ्या

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापलेला असतो. डिसेंबरच्या पहाटे तोच रस्ता १० अंशांच्या आसपास उतरतो. ट्रक तोच, खडी तीच, पण दुपारी आणि पहाटे थर अगदी वेगळा वागतो. भेगांचं कारण शोधताना हे विसरलं की दुरुस्तीही चुकते.

आयआरसी ३७ (२०१८), म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या आराखड्याच्या नियमावलीतले आकडे पाहा. व्हीजी-४० (घट्टपणावरून ठरलेली डांबराची प्रत; आकडा मोठा तितकं डांबर कडक) डांबराच्या मिश्रणाचा मापांक, म्हणजे ताठपणाचा आकडा, २० अंशांना ६००० मेगापास्कल धरतात, ४० अंशांना २०००. म्हणजे ताठपणा एक तृतीयांश. मऊ पडलेला थर चाकाखाली जास्त वाकतो आणि त्याच्या तळाशी विकृती, म्हणजे ताणलं जाण्याचं प्रमाण, वाढते. थकव्याच्या (पुन्हा पुन्हा वाकून थर तडकण्याच्या) सूत्रात या विकृतीचा घातांक ३.८९ आहे. बाकी सगळं तसंच ठेवून विकृती २० टक्क्यांनी वाढली, तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. थंडीत उलटं घडतं: थर आकसू पाहतो, खालचा थर त्याला आकसू देत नाही, आणि ताठ झालेलं डांबर हा ताण हळूहळू सोडूनही देऊ शकत नाही. अशा आधीच ताणलेल्या थरावरून पहाटे भरलेला ट्रक जातो. जाड थराला उन्हाळा जास्त छळतो. ५० मिमीच्या आतला पातळ थर मात्र खालचा पाया वाकेल तसा वाकतो, म्हणून तो कडक झाला की लवकर तडकतो.

तपासणीची सुरुवात नकाशापासून करा. १०० मीटरचा तुकडा आखा आणि भेगा कुठे आहेत ते कागदावर उतरवा. चाकांच्या वाटेत मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं तर तो थकवा. कडेने रस्त्याला समांतर लांब भेग असेल तर आधी खालची काळी माती पाहा. उन्हाळ्यात ती आकसली की साइडपट्टीकडून रस्ता फाटतो आणि तिथे डांबराचा दोष नसतो. रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, ठरावीक अंतराने आडव्या भेगा असतील, तर खाली सिमेंट मिसळलेला पाया आहे का ते विचारा. आपल्याकडच्या थंडीत निव्वळ गारठ्याने अशा भेगा क्वचितच पडतात.

मग कोअर (यंत्राने कापलेला थरांचा गोल नमुना) काढा: एक नेमका भेगेवर, दुसरा दोन चाकवाटांच्या मधल्या धड जागेवर. भेग तळाशी रुंद आणि वर बारीक असेल तर ती खालून वर आली आहे, म्हणजे जाडी किंवा पाया कमी पडला. फक्त वरच्या २०-३० मिमीत असेल तर उन्हाने डांबर कडक झालं आहे. कोअर हातात घेताच थर सुटे झाले, तर टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) नीट बसलेला नाही. सुटे थर वेगवेगळे वाकतात आणि लवकर थकतात. धड जागेच्या कोअरवर पोकळीचं (मिश्रणात राहिलेल्या हवेच्या जागेचं) प्रमाण जरूर काढा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच आकड्याकडे होतं. डांबराचं प्रभावी आकारमान (खडीत शोषलं गेलेलं सोडून उरलेलं डांबर) ११.५ टक्के धरून पोकळी ३.५ वरून ७ टक्क्यांवर गेली, तर आयआरसीच्या सूत्रातला मिश्रणाचा गुणक २.३५ वरून ०.४७ वर येतो, म्हणजे आयुष्य एक पंचमांश. शिवाय पोकळीतून हवा आत शिरते आणि डांबर लवकर म्हातारं होतं.

बेंकेलमन बीम या लांब दांड्याच्या उपकरणाने विक्षेप (चाकाखाली रस्ता किती दबतो ते) मोजायचा असेल तर रस्त्यात ४५ मिमी खोल भोक पाडा, त्यात ग्लिसरीन भरा आणि थराचं तापमान घ्या. हवेचं तापमान इथे चालत नाही. प्रमाण तापमान ३५ अंश आहे. दर अंशामागे ०.०१ मिमी दुरुस्ती करायची. ३१ अंशांना ०.९२ मिमी आलं, तर नोंद ०.९६ करा.

सुट्या भेगा डिसेंबर-जानेवारीत भरा. तेव्हा त्या उघडलेल्या असतात. मे महिन्यात मिटलेल्या भेगेत सीलंट आत जातच नाही, आणि हिवाळ्यात भेग उघडली की वरची पट्टी फाटते. कॉम्प्रेसरने धूळ उडवा, भेग पूर्ण कोरडी असू द्या, रबरयुक्त सीलंट उत्पादकाने दिलेल्या तापमानालाच गरम करा. वरून बारीक वाळू टाका, नाहीतर ते टायरला चिकटून निघतं.

मगरजाळीवर सीलंट ओतणं म्हणजे पैसे वाया. जाळीच्या बाहेर किमान १५० मिमी धड भागापर्यंत चौकोन कापा, कडा उभ्या ठेवा, धड थर लागेपर्यंत खोदा. ओला मुरूम निघाला तर आधी पाण्याची वाट बंद करा. कडांना आणि तळाला टॅक कोट द्या. डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो पुरतो. व्हीजी-३० चं मिश्रण १४० अंशांच्या खाली उतरू न देता पसरा आणि ९० अंशांवर यायच्या आत रोलर संपवा. व्हीजी-४० साठी हेच आकडे १५० आणि १००. प्लँट लांब असेल तर ट्रकवर ताडपत्री हवीच, आणि प्रत्येक गाडी ओतण्यापूर्वी मिश्रणात थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहा. थंड माल दाबला जात नाही, पोकळी राहते, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर त्याच चौकोनात पुन्हा जाळी उमटते.