सुकीच्या डोहात मासे-झिंगे कसे पाहावेत

मासे दिसत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा आपलं उभं राहणं असतं. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला काठावर उभा माणूस लगेच दिसतो. तोच माणूस जमिनीलगत बसला, तर त्याला जेमतेम दिसतो. पावलांचा हादराही त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे कुशीवरच्या हादरे टिपणाऱ्या रेघेने, कळतो. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या पालजवळ सुकी नदीवर जाताना मी खताची रिकामी गोणी नेतो. डोह यायच्या आधीच वाकायचं, हळू पुढे सरकायचं, गोणी टाकून बसायचं. पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. पळालेले मासे परत येतात, आणि खरं पाहणं तेव्हा सुरू होतं.

पावसाळ्यात आपल्या नद्या गढूळ असतात. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत पाणी निवळशंख असतं. सकाळी दहा-अकराला ऊन तळापर्यंत पोचतं, तेव्हा बसा. ऊन पाठीशी हवं, पण आपली सावली पाण्यावर नको. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चमक पुष्कळ कमी होते; खर्च करायचाच तर यावर करा. उन्हाळ्यात धार तुटते आणि उरलेल्या डोहांत मासे दाटीने दिसतात. पण तेव्हा पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून पाय घालून पाणी ढवळू नका.

नावं येत नसली तरी तोंड पाहा. तोंड वर वळलेलं असेल तर मासा पृष्ठभागावरचं खातो: डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा मासा काठालगत तरंगत डासांच्या अळ्या टिपतो. मधल्या पाण्यात दांडवण थव्याने फिरते, तिच्या अंगावर शेपटीपर्यंत काळी रेघ असते. मळ्या माशाचं तोंड खाली असतं. तो धारेतल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. मरळ मध्येच हवा घ्यायला वर येते. तांबूस पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला, तर राखण करणारे आईबाप जवळच असतात. तिथे पुढे जाऊ नका.

झिंग्यांसाठी नजर फिरवणं सोडा. काठची बुडालेली मुळं किंवा कुजलेलं एकच पान निवडा आणि त्यावरच डोळे ठेवा. शरीर पारदर्शक असल्याने आधी काळे डोळे दिसतात, मग मिशा. पुढचे इवले पाय सतत पानावरून तोंडाकडे जात असतील, तर तो शेवाळ खरवडणारा कॅरिडिना जातीचा झिंगा. त्याच्या नांग्यांच्या टोकाला केसांचे झुपके असतात. लांब नांग्यांची जोडी दिसली तर मॅक्रोब्रॅकियम जातीचा. मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते आणि पायांनी त्यांना ताजं पाणी देत राहते. हे दिसलं की मला दुसरं काही पाहावंसं वाटत नाही. तळाशी पडलेला पोकळ, पारदर्शक झिंगा मेलेला समजू नका, ती कात असते.

रात्री टॉर्चच्या उजेडात मोठ्या झिंग्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पण पालच्या बाजूला यावल अभयारण्य आहे. तिथे दिवसाही वनखात्याला विचारूनच जा. रात्रीचं पाहणं गावच्या ओढ्यावर, सोबतीला माणूस घेऊन.

तापी-गिरणेच्या उथळ वाळूत गोल खड्डे दिसले, तर ते बहुधा टिलापियाच्या नरांनी केलेले असतात. मादी अंडी तोंडात सांभाळते. मासा आफ्रिकेचा, भारतात 1952 साली आणलेला. वहीत मी त्याची नोंद वेगळी ठेवतो. घरच्या टाकीतले मासे नदीत सोडू नका, गप्पीसुद्धा नाही.

भाकरीचा चुरा टाकू नका. त्याने खवल्या, म्हणजे छोटे मासे, जमतात, पण मग त्यांची झोंबाझोंबी तेवढी दिसते, रोजचं वागणं दिसत नाही. दगड उचलला तर तीच बाजू खाली करून परत ठेवा. धरणाखाली बसला असाल आणि भोंगा वाजला किंवा पाणी अचानक गढूळलं, तर सामान सोडून वर या. वहीत तारीख, पाण्याचा रंग, तळ वाळूचा की दगडाचा आणि तोंडाचं चित्र एवढं पुरे. नाव काठच्या भोई मंडळींना विचारा, आणि ते सांगतील तसंच लिहून घ्या.