डॉस शेलमध्ये स्वतःचा मेनू कसा बसवावा

१९९२ साली आमच्या दुकानात हिशेब लिहायला येणाऱ्या काकांनी कीबोर्डच्या वरच्या कडेला सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवली होती. ‘सीडी, मग तिरकी रेघ, मग डब्ल्यूएस.’ म्हणजे वर्डस्टार या पत्रं लिहायच्या प्रोग्रामच्या डिरेक्टरीत (आजच्या भाषेत फोल्डरमध्ये) जायची कमांड. रेघ उलटी की सुलटी, यावर रोज गाडी अडायची. डॉस म्हणजे कमांड टाइप करून चालणारी जुनी संगणकप्रणाली, आणि डॉस शेल म्हणजे तिच्यावरचा, यादीतून निवड करू देणारा पडदा. शेवटी काकांसाठी त्या शेलमध्ये मेनू बसवून दिला आणि चिठ्ठी निघाली.

डॉस शेल १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस ४ बरोबर आलं. पण वापरण्याजोगं झालं ते १९९१ च्या डॉस ५ मध्ये, म्हणून इथली कृती त्याचीच. कपाटात जुनं मशीन असेल किंवा आजच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) डॉस ५ टाकलं असेल, तर करून बघा. माउस हवा असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी चढवावा लागतो. नसला तरी अडत नाही.

प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉस कमांडची वाट बघत थांबतं त्या ओळीवर, डॉसशेल असं सलग टाइप करा (इंग्रजीत आठ अक्षरं, मध्ये जागा नाही) आणि एंटर दाबा. वर ड्राइव्ह, डावीकडे डिरेक्टऱ्यांचं झाड, उजवीकडे फाइली आणि खाली ‘मेन’ नावाची यादी दिसेल. सगळं नुसत्या अक्षरांत दिसलं तर ऑप्शन्स मेनूतल्या डिस्प्लेमध्ये जाऊन ग्राफिक्सचा २५ ओळींचा पर्याय घ्या. माउसचा ठोकळा जाऊन बाण येतो, ड्राइव्हना चित्रं येतात. मग व्ह्यू मेनूतून फक्त प्रोग्रामची यादी ठेवा. नवख्या माणसासमोर फाइलींचं झाड कशाला?

आता नवीन नोंद. खालच्या यादीत असताना फाइल मेनूतून न्यू निवडा. प्रोग्राम ग्रुप की प्रोग्राम आयटम, असं विचारेल. ग्रुप म्हणजे मेनूच्या आतला मेनू. आपल्याला आयटम हवा. शीर्षकाच्या रकान्यात प्रोग्रामचं नाव घालू नका, कामाचं नाव घाला. काकांसाठी मी रोमन अक्षरांत ‘पत्र लिहा’ असं घातलं होतं, कारण वर्डस्टार हे नाव त्यांच्या काही कामाचं नव्हतं. कमांड्समध्ये डब्ल्यूएस आणि स्टार्टअप डिरेक्टरीत पत्रांची डिरेक्टरी. हा रकाना मी आधी मोकळा सोडला होता, त्यामुळे आठवडाभराची पत्रं भलत्याच डिरेक्टरीत जाऊन पडली.

खरी गंमत पुढे आहे. कमांडनंतर एक जागा सोडून टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून १ लिहा. ओके केलं की शेल आणखी एक चौकट उघडतं. तिच्यात प्रश्न लिहायचा, उदाहरणार्थ ‘कुठलं पत्र?’ आता ती नोंद निवडली की आधी हाच प्रश्न समोर येतो, फाइलचं नाव विचारतो आणि तेच प्रोग्रामला देतो. एका नोंदीत दोन कमांड हव्या असतील तर मध्ये अर्धविराम द्या, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून. त्यातली एखादी बॅच फाइल (ओळीने कमांड लिहून ठेवलेली फाइल) असेल तर तिच्याआधी ‘कॉल’ लिहा, नाहीतर पुढची कमांड चालतच नाही.

पासवर्डचाही रकाना आहे, पण त्यावर विसंबू नका. तो फक्त मेनूतली नोंद अडवतो. प्रॉम्प्टवरून तोच प्रोग्राम कोणीही चालवू शकतं.

मेनू आपोआप यावा म्हणून, संगणक सुरू होताना डॉस स्वतःहून चालवतं त्या ऑटोएक्झेक बॅच फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीत डॉसशेल लिहा.

एक घोटाळा हमखास होतो. शिफ्ट आणि एफ ९ दाबलं की प्रॉम्प्ट येतो, पण शेल मागे चालूच असतं. परतायला ‘एक्झिट’ टाइप करायचं. काका मात्र पुन्हा डॉसशेल टाइप करायचे. एका शेलवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, आणि दुपारपर्यंत वर्डस्टार मेमरी नाही म्हणून उघडायचंच बंद. शेल खरोखर बंद करायचं असेल तर एफ ३. ही एकच गोष्ट मला त्यांच्यासाठी पुन्हा चिठ्ठीवर लिहून चिकटवावी लागली.