सेन्सरची लाइट सारखी येतेय? नवा सेन्सर घ्यायच्या आधी या चुका टाळा

जुन्या गाडीची चेक इंजिन लाइट पेटली की लोक स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावतात आणि कोडशेजारी सेन्सरचं नाव दिसलं रे दिसलं की नवा सेन्सर मागवून मोकळे. बघून बघून कंटाळा आलाय.

पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन चाललंय, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा, बिचारा खरं तेच सांगतोय आणि तुम्ही त्यालाच काढून टाकताय. ओळखीतल्या एकाने याच कोडवर आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), शेवटी वैतागून गाडीच विकायला काढली होती. मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे, लावले तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त पेट्रोल देतोय तो आकडा, २० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल. असं दिसलं की मी थेट हवेची गळती शोधायला लागतो, कारण आयडलला इंजिन मुळात हवा थोडीच ओढतं, त्यात बाहेरून घुसलेली हवा लगेच जाणवते, रेस केली की तेवढी हवा किस झाड की पत्ती. एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जाणारा रबरी पाईप वरून एकदम चकाचक. क्लॅम्प सोडून वाकवला, तर खालच्या घडीत बोटभर चीर. पाईप बदलला, ट्रिम खाली आला, लाइट परत आली नाही. काढलेले सेन्सर ठणठणीत होते.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे आधी कोड पुसायचा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिन गरम होतं की थंड, सगळा पुरावा साफ. मी आधी स्क्रीनचा फोटो काढतो, मगच गाडीला हात लावतो. लाइट गेली म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी जरा गाडी चालवून बघावी, बिघाड तसाच असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरच्या सेल्फ टेस्ट पूर्ण झाल्या की ती येतेच परत.

एअरफ्लो सेन्सर कार्ब क्लीनरने धुऊ नका, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

पी०१३५ हा कोड म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. आधी फ्यूज बघा, मग कपलर (वायरचा जोड) उघडून हिरवट गंज आहे का, वायर सायलेन्सरला टेकून वितळलीय का ते बघा. पाच मिनिटांचं काम, पण घाई असलेल्यांना तेवढंही जड जातं.

ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, सायलेन्सर लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग खोटं लीन येतं. बॅटरीची अर्थ वायर सैल असली तरी एकमेकांशी संबंध नसलेले कोड येतात, ती आवळून बघा.

आणि लाइट नुसती पेटलेली नसून ब्लिंक होत असेल तर स्कॅनर वगैरे नंतर, इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) जातंय, गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.