मृगाआधी जुने लॉनमोअर उघडताना: तयारीची यादी

इंदूरला साधारणपणे जूनच्या मध्याला पाऊस धरतो आणि माळव्याच्या काळ्या मातीत गवत पाहता पाहता घोट्याच्या वर जाते. त्या दिवसांत दुरुस्तीवाल्यांना सवड नसते, म्हणून वडिलांच्या वेळचे पेट्रोलवर चालणारे फोर-स्ट्रोक लॉनमोअर मी मेच्या अखेरीसच उघडतो. सुरू न होणारे जुने यंत्र बहुधा मोडलेले नसते. त्यात पेट्रोल शिळे झालेले असते आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, आतून चिकटलेला असतो, हे इतक्या वर्षांत मनावर पक्के बिंबले आहे. इंजिनाला हात लावण्याची घाई करू नये आणि तयारी इंधनापासूनच सुरू करावी.

जागा मोकळ्या हवेची आणि सावलीची निवडावी. गॅसची शेगडी, देवाजवळचा दिवा किंवा इन्व्हर्टर जवळपास नसावा. खाली जुनी चादर अंथरून तिच्यावर एक पसरट परात ठेवावी, कारण कार्बोरेटरमधला एखादा वायसर किंवा स्प्रिंग घरंगळत गेली की ती सापडत नाही. पाने, स्पार्क प्लगचा पाना, पक्कड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कानस, रबरी हातमोजे, सुती चिंध्या, काचेची बरणी आणि कार्बोरेटर क्लीनर एवढे साहित्य आधीच हाताशी असावे. प्लग, फिल्टरचा स्पंज, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे पॅकिंग इंदूरच्या सियागंज बाजारात आणायला जाताना जुना भाग सोबत न्यावा, कारण नुसत्या वर्णनावर मिळालेले पॅकिंग क्वचितच बसते.

पुढची गोष्ट कोणत्याही घाईत वगळू नये. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची टोपी काढून ती प्लगपासून लांब बांधून ठेवावी, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन फिरते आणि गरम दिवसांत एखादा ठोका पडू शकतो. यंत्र कलते करण्याआधी टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटर व एअर फिल्टरची बाजू नेहमी वर राहील असे पाहावे, नाहीतर इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते आणि नंतर तासभर निळा धूर निघत राहतो.

टाकीतले जुने पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि टाकीच्या तळातून निघणारी नळी नेमका तोच थर आधी खेचते. बरणीत दोन थर दिसले किंवा वार्निशासारखा वास आला तर ते पेट्रोल पुन्हा वापरू नये. जुन्या यंत्रांतले रबर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते, म्हणून नळी दाबून पाहावी आणि ती चिकट, फुगलेली किंवा तडकलेली असेल तर बदलून टाकावी.

कार्बोरेटर उतरवण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, विशेषतः गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवली आहे त्याचा. एका वर्षी माझ्याकडून ती शेजारच्या छिद्रात बसली आणि इंजिन इतक्या वेगाने ओरडू लागले की मी धावत जाऊन ते बंद केले. ज्या यंत्राचे पाते थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसवलेले असते, तिथे ही चूक जिवावर बेतू शकते. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग), त्याची सुई आणि मधला जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र असलेला भाग, दिसतो. रबरी भाग बाजूला काढून मगच क्लीनर मारावा, आणि जेटचे छिद्र विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने मोकळे करावे. पोलादी तार किंवा सुई घातली तर छिद्र मोठे होते आणि इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते.

प्लगची फट बहुतेक लॉनमोअरला ०.७५ मिलिमीटरच्या आसपास लागते. माहितीपुस्तिका असल्यास तिच्यातला आकडा धरावा. प्लग ठीक असूनही दोरी ओढताना इंजिन हाताला उलटा हिसका देत असेल, तर मागच्या पावसात पाते दगडावर आपटले होते का ते आठवावे. फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) आणि शाफ्ट यांच्यामधली चावी, म्हणजे दोघांना जागेवर धरणारी छोटी पट्टी, मऊ धातूची असते. धक्क्याने ती अर्धवट कातरली की ठिणगी चुकीच्या क्षणी पडते आणि कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही. ही चावी स्वस्त मिळते, पण फ्लायव्हील पुलरने (ते ओढून काढायच्या अवजाराने) काढावे, हातोड्याने ठोकू नये. पुलर नसेल तर हे एवढे काम मेकॅनिककडे द्यावे.

ऑइल एसएई ३० घ्यावे. लहान इंजिनात सुमारे ६०० मिलिलिटर मावते, तरी ऑइल मोजायच्या काडीवरची खूण पाहूनच भरावे. घरात टू-स्ट्रोक ब्रशकटरही असेल तर त्याचे पेट्रोल-ऑइलचे मिश्रण वेगळ्या डब्यात करून डब्यावर तसे लिहून ठेवावे: ५०:१ प्रमाणाला एक लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर ऑइल, २५:१ला ४०. निघालेले जुने ऑइल आणि खराब पेट्रोल गटारात ओतू नये. वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत भरून गॅरेजवाल्याला द्यावे किंवा कचरागाडीवर घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे काय घेतात ते विचारावे.

पात्याला मूळच्याच कोनात कानस करावी आणि मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल राहतात का ते पाहावे. जड बाजू खाली झुकली तर तिकडून थोडे आणखी घासावे. पात्याचा बोल्ट पक्का आवळून, नवे पेट्रोल लिटरभरच घालून, यंत्र सपाट फरशीवर सुरू करावे आणि पाच मिनिटे कार्बोरेटरच्या वाटीच्या पॅकिंगपाशी ओल येते का, तेवढे पाहत थांबावे.