मराठवाड्यातल्या विसरलेल्या खेळाडूंच्या गोष्टी शोधायच्या कशा?

आधी एक स्कोअरकार्ड उघडा, ३ डिसेंबर २००१ ला मोहालीत सुरू झालेल्या भारत-इंग्लंड टेस्टचं. भारताला शेवटी जिंकायला फक्त ५ रन हवे होते आणि ओपनिंगला दीप दासगुप्तासोबत पाठवलं कुणाला, तर इक्बाल सिद्दीकीला, जो टीममध्ये फास्ट बॉलर म्हणून होता, आणि ते पाचही रन त्यानंच काढले. आता त्याच्या नावावर क्लिक करून जन्मगाव बघा: औरंगाबाद. त्याच कार्डावर संजय बांगरचंही नाव आहे, त्याची पण ती पहिलीच टेस्ट, आणि जन्म बीडचा. म्हणजे मराठवाड्यात जन्मलेल्या दोघांनी एकाच दिवशी टेस्ट खेळायला सुरुवात केली! बांगर पुढं लोकांना माहीत झाला, सिद्दीकीला मात्र दुसरी टेस्ट मिळालीच नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या पोरांना माहीत नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर पहिलं काम हेच, नुसत्या आकड्यांवर थांबायचं नाही, प्रत्येक नावाचं गाव बघायचं.

सर्च करताना जुनी नावं पण टाका. छत्रपती संभाजीनगर टाकून जुनं काहीच सापडणार नाही, औरंगाबाद टाकलं तर बिहारचं औरंगाबाद मधी येतंय, म्हणून सोबत महाराष्ट्र लिहा. धाराशिवसाठी उस्मानाबाद, अंबाजोगाईसाठी मोमिनाबाद. आणि १९४८ च्या आधीचं शोधायचं असेल तर आपण निजामाच्या राज्यात होतो हे ध्यानात ठेवा, तेव्हाचा बराच कागद हैदराबादला आणि उर्दूत आहे, वाचून दाखवणारं कुणीतरी सोबत घ्या.

कुस्तीचं मात्र वेगळं आहे. पैशावर खेळायचा आपल्याकडचा खरा जुना खेळ हाच, जत्रेत इनाम पुकारायचं, जोड लागायची, हलगी वाजायची, आणि निकाल लोकांच्या तोंडी राहायचा, त्याचं स्कोअरकार्ड कुठून येणार! मग तारीख कशी काढायची? तर जत्रेवरून. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली कुस्ती म्हणलं की महाशिवरात्र आली, नांदेडकडच्या माळेगावची म्हणलं की मार्गशीर्ष. त्या वर्षाच्या पंचांगात तिथीची तारीख बघा आणि त्यापुढच्या आठ-पंधरा दिवसांचे पेपर चाळा. अनंत भालेराव संपादक होते त्या काळातल्या दैनिक मराठवाड्याच्या फायली कुठं बघायला मिळतील ते जुन्या वाचनालयांत आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. पान हाताला लागलं की फोटो काढताना वरची तारीख फोटोत आलीच पाहिजे, नाहीतर नंतर ते कात्रण काही कामाचं नाही.

माणसं शोधायची तर वस्तादापासून पुढं जायचं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, तेही लातूरच्याच अधिवेशनात, आणि १९७७ ला बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपाल पैलवानाला हरवलं. पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. पाटोद्याचा राहुल आवारे आधी त्यांच्याकडं होता, नंतर काका पवारांकडं, तेही लातूरचेच, आणि २०१८ ला त्यानं गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं गोल्ड आणलं. कोण कुणाच्या हाताखाली होता हे कळलं की कुणाच्या घरी जायचं तेही कळतं.

गेल्यावर "काका, जुन्या आठवणी सांगा" असं विचारू नका, त्यावर सगळे "लई चांगले दिवस होते" एवढंच म्हणतात. त्यापेक्षा कुस्तीच्या दंगलीचं जुनं पत्रक किंवा पेपरचं कात्रण पुढं ठेवा आणि एकाच कुस्तीचं विचारा: जोड कुणी लावली, इनाम किती होतं, निकाली झाली का बरोबरीत सोडवली, चितपट केली तर कोणत्या डावावर. मग बघा माणूस हात करून डाव दाखवायला लागतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि समोरच्या पैलवानाच्या गावी पण जाऊन या, तिथं हीच कुस्ती दुसऱ्याच तऱ्हेनं सांगतील, दोन्ही लिहून ठेवा, आपल्या गावचा म्हणून एकाची बाजू घेऊ नका.

बायकांच्या खेळाला जास्त वेळ द्या, कारण तिथं सगळ्यात जास्त हरवलंय. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० ला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, म्हणून तिचं नाव तरी आहे. तिच्या आधी खेळलेल्या कित्येक जणींची लग्नानंतर नावं बदलली, सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आणि आज सगळे ओळखतात सासरच्या. म्हणून शाळेचा किंवा विद्यापीठाचा टीमचा फोटो मिळाला की त्यातल्या एकीला गाठा आणि तिच्याकडून बाकीच्यांची दोन्ही आडनावं लिहून घ्या, फोटोतल्या रांगेप्रमाणं, डावीकडून उजवीकडं.